दिवाण होण्याआधी



सयाजीराव महाराजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मी एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे. देशाचा परदेशांशी व्यापार कसा चालावा, कोणत्या मालावर किती जकात असावी, रुपयाचा भाव किती ठेवावा, हे ठरवणारी माणसे त्या खुर्चीवर येण्याआधी काय करत होती? आणि त्या कामाचा त्यांच्या निर्णयांशी काही संबंध असतो का? आपण मंत्र्याचा पक्ष विचारतो, प्रांत विचारतो, जात तर न विचारताच शोधून काढतो. शिक्षणाची चौकशी केलीच तर पदवीचे नाव ऐकून समाधान मानतो. त्याने उमेदीची वर्षे कोणते कागद वाचण्यात घालवली, कोणासमोर बसून हिशेब मांडले, नुकसान झाले तेव्हा ते कोणाच्या खिशातून गेलेले पाहिले, याची चौकशी सहसा होत नाही. ती झाली पाहिजे असे माझे म्हणणे आहे. माणूस आधीच्या कामात जे पाहायला शिकतो, तेवढेच त्याला धोरणाच्या आकड्यांत दिसते. आणि ज्याने दोन अगदी निराळी कामे केली आहेत, त्याला एकाच व्यवहाराच्या दोन बाजू दिसतात. व्यापारनीतीतले आपल्याकडचे अस्सल विचार बहुतेक अशा दोन कामांच्या माणसांकडून आले आहेत. हे तपासायला बडोद्याइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

सयाजीराव गादीवर येण्याच्या आगेमागे, जेमतेम दीड वर्षात, बडोद्याच्या दिवाणपदावर दोन थोर माणसे आली. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत दादाभाई नौरोजी आणि १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यावर सर टी. माधवराव. दोघांनीही सुरुवातीला गणित शिकवले होते. दादाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढून कापसाचा व्यापार सुरू केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला. युद्ध संपताच तो बाजार कोसळला आणि त्याची झळ त्यांच्या पेढीलाही बसली. म्हणजे बडोद्याला आलेला हा दिवाण आकडेमोड शिकवलेला होता, तसाच जहाजावर चढलेल्या मालाची हुंडी वटते की नाही याची चिंता करत रात्री काढलेलाही होता.

या दोन कामांचा संयोग त्यांच्या सिद्धांतात स्पष्ट दिसतो. हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा सतत जास्त असते, ही गोष्ट लंडनमधले अधिकारी समृद्धीची खूण म्हणून सांगत. पुस्तकी अर्थशास्त्राला त्यात काही वावगे वाटत नव्हते. निर्यातीच्या पेढीवर बसलेल्या माणसाला मात्र ते वावगे वाटणारच. शंभर रुपयांचा माल परदेशी धाडला तर मूळ शंभर, वर भाडे आणि नफा, इतके घरी परत यायला हवे, हा व्यापाऱ्याचा रोजचा हिशेब. शंभर पाठवून ऐंशीच परत येत असतील तर वीस गेले कुठे? दादाभाईंनी हा पेढीवरचा प्रश्न संपूर्ण देशाला लावला, निर्यातीवर व्यापाऱ्याचा नफाही धरला, आणि न परतणाऱ्या रकमेचा माग काढत ते होम चार्जेस (इंग्लंडातल्या खर्चापोटी हिंदुस्थानने भरायच्या रकमा), पेन्शनी आणि गोऱ्या नोकरशाहीच्या पगारांपर्यंत पोचले. इथपर्यंत व्यापारी दिसतो. पुढे १८७६ मध्ये वाचलेल्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी प्रांतवार पिकांचे सरकारी आकडे घेऊन दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि त्याशेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला, जो त्याहून अधिक होता. सरासरी कशी काढावी आणि कशाशी ताडून पाहावी, हे सांगणारा तो प्राध्यापक. नुसत्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीपुरती तक्रार केली असती. नुसत्या प्राध्यापकाला तक्रार करण्याजोगे काही दिसलेच नसते.

माधवरावांची जडणघडण वेगळी, पण रीत तीच. हे तंजावरकडचे मराठी घराणे. वडील आणि चुलते त्रावणकोरच्या दिवाणपदावर राहिलेले. मद्रासेत काही काळ गणित आणि विज्ञान शिकवल्यावर ते अकौंटंट जनरलच्या कचेरीत लागले, तिथून त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि अखेर तिथले दिवाण. त्रावणकोरात मिऱ्याचा मक्ता सरकारचा होता. पिकवणाऱ्याने सरकारी भावाने सरकारलाच विकायचे. माधवरावांच्या काळात, १८६० मध्ये, तो मक्ता उठला आणि त्याच्या जागी निर्यातीवर जकात आली. १८६५ मध्ये ब्रिटिश इंडिया, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात करार होऊन परस्परांच्या मालावरच्या जकाती गेल्या. दर खाली आणले तरी उलाढाल वाढून वसूल भरून निघतो, हे जमाखर्चाच्या वह्या चाळलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. बडोद्यातही त्यांनी महसुलाच्या इजाऱ्याची पद्धत मोडून काढण्याचा सपाटा लावला. आणि शिक्षकपण सुटले नव्हतेच: १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी दत्तक आलेल्या मुलाचे हे धडे होते.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. दादाभाईंची पार्श्वभूमी इतकी मोलाची होती तर बडोद्यातली त्यांची दिवाणगिरी वर्षभरही नीट का चालली नाही? जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बाळ मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन, होरमसजी वाडिया अशी निरनिराळ्या पेशांतली जाणती माणसे त्यांनी सोबत आणली होती. तरीही हाती फारसे लागले नाही. याचे उत्तर बडोद्याच्या तेव्हाच्या परिस्थितीत आहे. एकीकडे मल्हाररावांचा जुना दरबार, दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर यांचा उघड विरोध. माधवरावांना मात्र राजा अल्पवयीन आणि ब्रिटिश सरकारचा पाठिंबा पूर्ण, असा मोकळा पट मिळाला. यावरून एवढेच सिद्ध होते की पूर्वीचे काम माणसाला काय दिसेल ते ठरवते; दिसलेले अमलात येईल की नाही, हे सत्ता कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर आपण यशस्वी माणसांचे पेशे मोजत बसू आणि त्यालाच पुरावा समजू. दादाभाईंचा बडोद्यातला कारभार फसला, त्यांचा सिद्धांत फसला नाही. वर्षभराने आलेला ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ त्याची साक्ष आहे.

पुण्याकडे वळलो तर हेच चित्र अधिक ठळक होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात ‘इंडियन पोलिटिकल इकॉनॉमी’ हे व्याख्यान दिले. खुल्या व्यापाराचे इंग्लंडात सिद्ध झालेले नियम प्रत्येक देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा त्याचा गाभा. या व्याख्यानामागे जर्मन अर्थशास्त्रज्ञांचे वाचन होते हे सगळे सांगतात. ते खरेच आहे. पण त्याआधीची काही वर्षे रानडे दख्खनच्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याखाली स्पेशल जज्ज होते. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतल्या कज्जांचे कागद तपासत त्यांनी फिरती केली होती. करार दोघांच्या खुशीने झाला म्हणून तो न्याय्य ठरतो, या सिद्धांताचे कुणब्याच्या कर्जखतात काय होते, हे त्यांनी गावोगाव पाहिले होते. सावकार आणि कुळ यांच्यात जे घडते तेच मँचेस्टर आणि सोलापूर यांच्यात घडत असेल, ही शंका न्यायाधीशाला येणे स्वाभाविक होते. त्यांचे सहकारी गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, सोलापुरात राहून सरकारी अहवालांचा फडशा पाडणारे. खुला व्यापार आणि रेल्वेचा विस्तार यांच्या आर्थिक परिणामांवर त्यांनी १८८४ मध्ये लिहिलेला निबंध आजही वाचण्याजोगा आहे. सरकारी नोकर असल्याने सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख निनावी येत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले गोखले १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलू लागले, तेव्हा त्यांच्या आकड्यांमागे या मुख्याध्यापकाचे कष्ट होते. शिल्लक दिसते ती भरभराटीमुळे दिसत नाही, रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवून कर मात्र जुन्याच दराने घेतल्यामुळे दिसते, हे गोखल्यांनी आकड्यांनी मांडले. मिठावरचा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरत गेला. लंडनमध्ये शिकलेला एकही व्यावसायिक अर्थशास्त्रज्ञ या तिघांत नव्हता.

दुसरा आक्षेप असा की धोरण हितसंबंधांवर ठरते, पेशावर नाही. १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने आपल्याच कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली. १८८२ मध्ये उरलीसुरली गेली. १८९६ मध्ये आयातीवर साडेतीन टक्के बसवले तर तेवढेच उत्पादनशुल्क हिंदी गिरण्यांच्या कापडावरही लादले. कौन्सिलात सनदी अधिकारी, लष्करी, कायदेपंडित सगळे होते. लँकेशायरच्या गिरणीमालकांपुढे कोणाच्याही अनुभवाचे काही चालले नाही. हिंदुस्थानचे पहिले फायनान्स मेंबर जेम्स विल्सन हे तर मूळचे टोप्यांचे कारखानदार. कारखानदारीच्या त्या अनुभवाने त्यांना इथल्या कारखानदारीविषयी विशेष ममत्व वाटले असे दिसत नाही. हे सगळे मी मान्य करतो. ज्याला उत्तर द्यायचे तो मालक लंडनमध्ये असेल तर पूर्वीचा कोणताही पेशा अपुरा पडतो. पण म्हणूनच खरी तुलना एकाच जनतेला उत्तरदायी असणाऱ्या, एकाच बाजूच्या माणसांमध्ये केली पाहिजे. ती केली की पेशाचा फरक दिसतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा बडोद्याशी जोडलेले आहे.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. पुढे काय झाले ते या शहराने विसरू नये: कचेरीत शिपाईही अंतर राखून कागद टाकत, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले, आणि देशातला एक मोठा अर्थतज्ज्ञ काही दिवसांतच बडोदे सोडून गेला. संस्थानाने ज्याच्या विद्येवर खर्च केला, त्याची विद्या संस्थानाच्या कामी आली नाही. नेत्यांच्या व्यावसायिक पार्श्वभूमीची चर्चा करताना आपण नेहमी गृहीत धरतो की पेशा निवडायला आणि चालवायला सगळे मोकळे आहेत. बडोद्याने १९१७ मध्ये दाखवले की पदवी, पद आणि महाराजांचा हुकूम हातात असूनही माणसाला आपल्या पेशात बसू दिले जात नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, मग बॅरिस्टर, असा त्यांचा प्रवास झाला.

१९२३ मध्ये आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिंदी चलनाविषयीच्या हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. तेव्हा वाद होता रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा असावा की सहा पेन्सांचा. मुंबईचे कापूस व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास कमिशनचे सभासद होते. त्यांनी चार पेन्सांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. रुपया स्वस्त राहिला तर निर्यात करणाऱ्याला आणि कापूस पिकवणाऱ्याला अधिक रुपये मिळतात, हे त्यांना व्यवसायातून पक्के ठाऊक होते, आणि परक्या सरकारपुढे ते निर्भयपणे मांडणे ही देशसेवाच होती. आंबेडकरांनी मात्र आपल्या ग्रंथात आधीच्या काळातल्या घसरत्या रुपयाचा हिशेब उलगडून दाखवला होता. निर्यातदाराला झालेला फायदा परदेशातून आला नाही. किमती चढल्या आणि मजुरी मागे राहिली, त्या तफावतीतून तो आला. म्हणजे तो मजुराच्या खिशातून निघाला. दोघेही हिंदुस्थानच्याच बाजूचे, दोघांचे आकडे खरे. एकाने देशाच्या सीमेवर काय घडते ते पाहिले, दुसऱ्याने सीमेच्या आत वर्गावर्गांत काय घडते ते पाहिले. व्यापाऱ्याला धोरणात आणले की तो आपलाच फायदा पाहील, हा जो तिसरा आक्षेप घेतात, त्याचे उत्तर या प्रसंगात आहे. व्यापाऱ्याला दाराबाहेर ठेवून त्याचा हितसंबंध नाहीसा होत नाही, फक्त नजरेआड जातो. त्याचा अनुभव टेबलावर हवाच. पण मजुरी कोण देतो, मजुरी कोण घेतो हे जाणणारा दुसरा माणूस शेजारी हवा, आणि दोघांची मते छापील नोंदीत यायला हवीत. १९२७ मध्ये सरकारने सहा पेन्सांचा दर कायम केला, तो या दोघांपैकी कोणाच्या युक्तिवादामुळे असे मला वाटत नाही. पण तो वाद वाचणाऱ्याला आजही रुपयाच्या दराविषयी जे शिकवतो, ते कोणा एकट्याच्या लिखाणाने शिकवले नसते.

असे टेबल एकदा खरोखर जमले होते. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देशांची परिषद भरली, त्यात हिंदुस्थानचे शिष्टमंडळ होते. प्रमुख सर जेरेमी रेझमन, सनदी नोकर आणि फायनान्स मेंबर. सर थिओडोर ग्रेगरी, लंडनचे प्राध्यापक. षण्मुखम चेट्टी, वकील आणि कोचीनचे माजी दिवाण. ए. डी. श्रॉफ, मुंबईच्या शेअरबाजारातून टाटांकडे गेलेले आणि त्याच वर्षीच्या, उद्योगपतींच्या बॉम्बे प्लॅनवर सही करणारे. बी. के. मदन, रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ. आणि चिंतामणराव देशमुख, १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आयसीएस होऊन मध्य प्रांतात सेटलमेंटचे काम केले, मग अर्थखाते आणि बँक. जमिनीचा सारा ठरवण्यासाठी शेताशेतातून फिरलेला माणूस मध्यवर्ती बँकेचा प्रमुख व्हावा, ही गोष्ट आजच्या नेमणुकांत जवळजवळ अशक्य झाली आहे, आणि ते मला मोठे नुकसान वाटते.

त्या परिषदेत हिंदुस्थानची अडचण होती ती स्टर्लिंग शिलकीची. युद्धासाठी घेतलेल्या मालाचे एक अब्ज पौंडांच्या घरातले देणे ब्रिटनकडे साठले होते आणि ते वापरता येत नव्हते. श्रॉफ यांनी परिषदेपुढे सांगितले की आमची अवस्था बँकेत दहा लाखांची शिल्लक असून टॅक्सीचे भाडे द्यायला सुटे पैसे नसलेल्या माणसासारखी आहे. रोखीची टंचाई काय असते हे बाजारात बसलेल्या माणसाला असे एका वाक्यात सांगता येते. शिलकीचा प्रश्न परिषदेने हाती घेतला नाही. पण नाणेनिधीच्या उद्दिष्टांत सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला, त्यामागे हिंदी शिष्टमंडळाचा आग्रह होता. आणि ४० कोटी डॉलरांचा हिस्सा मिळून, रशिया बाहेर राहिल्यावर, हिंदुस्थान पहिल्या पाचांत बसला. पारतंत्र्यातल्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हती. आता या यादीकडे पुन्हा पाहा. नोकरशहा, प्राध्यापक, वकील, उद्योगपती, बँकर. शेतकरी नाही, कामगारांचा कोणी नाही. तो स्टर्लिंगचा डोंगर ज्या महागाईतून उभा राहिला, त्याच महागाईत १९४३ चा बंगालचा दुष्काळ पडला होता. रुपयाच्या दराचा भार कोणाच्या मजुरीवर पडतो हा आंबेडकरांचा प्रश्न वीस वर्षे छापलेला पडला होता. तो विचारण्याचे काम ज्याच्याकडे आहे असा माणूस त्या शिष्टमंडळात नव्हता.

आता आजच्या काळाकडे येऊ. जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुखांची यादी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या पदाला वाटते तितकी सत्ता नाही. पीटर सदरलँड वकील, रुजेरो राजनैतिक अधिकारी, माईक मूर मजुरी, छापखाना आणि समाजसेवेतून राजकारणात येऊन न्यूझीलंडचे पंतप्रधान झालेले, सुपाचाई अर्थतज्ज्ञ, लामी फ्रेंच प्रशासक, अझेवेदो मूळचे विद्युत अभियंते, ओकोन्जो-इवेला जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञ. यावरून नियम काढायचा मोह टाळावा. मात्र इथे निघणारा आक्षेप महत्त्वाचा आहे: आज व्यापारकायदा इतका गुंतागुंतीचा झाला आहे की मुख्याध्यापक जोशी किंवा जज्ज रानडे यांचा काळ संपला, आता तज्ज्ञच हवेत. तज्ज्ञ हवेत, यात वाद नाही. पण तज्ज्ञ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न कोणता विचारायचा हे बहुधा दुसऱ्या क्षेत्रातून आलेला माणूस सुचवतो. पेटंट कायद्याचे उदाहरण घ्या. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. ते न्यायाधीश होते, पण रसायनाच्या बाबतीत पदार्थावर पेटंट देणे आणि तो बनवण्याच्या प्रक्रियेवर देणे यांत काय फरक पडतो, हे त्यांनी रसायनउद्योगाच्या बाजूने समजून घेतले. त्यांच्या अहवालावर १९७० चा कायदा उभा राहिला, आणि औषधांवर फक्त प्रक्रियेचे पेटंट राहिल्याने हिंदी औषधउद्योगाला तीन दशके वाढायला जागा मिळाली. १९०७ पासून अलेम्बिक चालवणाऱ्या या शहराला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग बाहेरच्या पेशांतली माणसे थेट सरकारात घ्यावीत का? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने अशा ४५ पदांची जाहिरात काढली आणि आरक्षण नसल्याच्या आक्षेपावरून तीन दिवसांत मागे घेतली. ती मागे घेतली हे योग्य झाले. बाहेरच्या अनुभवाची गरज मी अर्धा तास सांगत आहे, तरीही म्हणतो, कारण १९१७ चे बडोदे विसरून ही दारे उघडली तर त्यातून आत येणारे पेशे निराळे असतील आणि माणसे एकाच वस्तीतली असतील. आरक्षणासह, मुदतबंद, आणि बाहेर पडल्यावर काही वर्षे त्याच उद्योगाची नोकरी न करण्याच्या अटीवर हा मार्ग पुन्हा आखावा. त्याहून सोपी वाट म्हणजे सनदी अधिकाऱ्यालाच मधली काही वर्षे बंदरात, बाजार समितीत, कारखान्याच्या खरेदी विभागात काम करायला लावावे. देशमुखांना सेटलमेंटने जे दिले ते पंधरवड्याच्या प्रशिक्षणाने मिळत नाही.

हे सारे बडोद्यालगतच्या बाजव्यात बोलण्याचे कारण शेवटी सांगतो. या गावाला लागून गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. कंपनी १९६२ ची, डॉ. जीवराज मेहता मुख्यमंत्री असतानाची. ते मुंबईच्या केईएमचे डीन राहिलेले डॉक्टर, आणि १९४८ मध्ये बडोदा संस्थानाचा कारभारही त्यांनी पाहिला होता. खतासोबत इथे कॅप्रोलॅक्टम बनते, नायलॉन-६ चा कच्चा माल. देशात ते बनवणारे कारखाने दोनच, हा आणि केरळातला फॅक्ट. परदेशातून ते पडेल भावात येऊ लागले की कारखाना अँटी-डम्पिंग ड्यूटी मागतो. सुरतेच्या पट्ट्यातले नायलॉन सूत काढणारे ती नको म्हणतात. १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या कलम ९अ खाली अशी चौकशी वाणिज्य मंत्रालयाकडे जाते आणि ड्यूटी बसवते अर्थ मंत्रालय. चौकशी करणाऱ्यांत सनदी आणि व्यापार सेवेतले अधिकारी, कॉस्ट अकौंटंट, वकील असतात. ते प्रामाणिकपणे दोन बाजू ऐकतात: बाजवा आणि सुरत. पण या हॉलमध्ये बसलेल्या कोणत्याही ऑपरेटरला माहीत आहे की रूढ पद्धतीने कॅप्रोलॅक्टम बनवताना सोबत अमोनियम सल्फेट निघते, आणि तेही भरपूर. ते खत आहे. वीस टक्क्यांहून अधिक नत्र आणि त्याहून थोडे जास्त गंधक. भुईमुगासारख्या तेलबियांना गंधक लागतेच. म्हणजे कॅप्रोलॅक्टमचे संयंत्र मंदावले तर शेतकऱ्याचे एक खत कमी होते. कॉस्ट अकौंटंटच्या तक्त्यात ते सहउत्पादन म्हणून वजावटीच्या एका ओळीत बसते. ती ओळ वाचून सौराष्ट्रातला भुईमूग आठवायला माणूस कधीतरी शेतात किंवा संयंत्रावर काम केलेला असावा लागतो.

यावर शेवटचा आक्षेप येईल की प्रत्येक जकातीच्या चौकशीत असे दूरचे धागे ओढत बसलो तर एकही प्रकरण मुदतीत संपणार नाही. मुदत असलीच पाहिजे, आणि दूरचा प्रत्येक धागा ओढण्याची गरजही नाही. सहउत्पादनाचा धागा दूरचा नाही; तो त्याच नळातून बाहेर पडतो. १९९५ च्या नियमांनी त्या मालाच्या औद्योगिक ग्राहकांना, आणि माल किरकोळ विकला जात असेल तर ग्राहक संघटनांना, म्हणणे मांडायची संधी दिली आहे. कॅप्रोलॅक्टम कोणी किरकोळ विकत घेत नाही, आणि अमोनियम सल्फेट घेणारा शेतकरी हा चौकशीतल्या मालाचा ग्राहक ठरत नाही. त्यामुळे त्याला नोटीस जात नाही. त्या नियमांत सहउत्पादनाचे ग्राहक असा एक वर्ग घालायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही, अर्थ मंत्रालयाची अधिसूचना पुरते. आणि खताशी जोडलेल्या चौकशीच्या पथकात एक कृषिशास्त्रज्ञ घ्यायला तेवढीही गरज नाही.